कंद न उपटता

साडेसहा. सिल्लोड स्टँडवर मुलं जमली की मी आधी त्यांच्या पिशव्या बघते. भिंग, पट्टी, वही, जुने पेपर हवेत. कुणी खुरपं आणलं असेल तर ते माझ्याकडे जमा. वनखात्याच्या परवानगीचं पत्र फायलीत आहे, पण पत्र आहे म्हणून उपटत सुटायचं नाही. बीएस्सीच्या मुलांची श्रावणातली ही सहल एवढ्याचसाठी असते की रानफूल जागच्या जागी ओळखता यावं.

आठ. गोळेगाव, अजिंठा मागे टाकून घाटाच्या अलीकडे उतरलो. मका-मिरचीची शेतं संपली की साग, सालई, धावडा सुरू होतो. हा डोंगर पाणी वाटून देतो: दक्षिणेचं गोदावरीला, उत्तरेचं तापीला. माझा नियम साधा आहे. जेवणापर्यंत कुणी नाव सांगायचं नाही, दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. नाव आधी कळलं की डोळे बघायचे थांबतात, हे मी पुष्कळ हुशार मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

नऊ. कळलावी दिसली आणि सगळे मोबाइल वर गेले. फुललेली कळलावी ओळखण्यात कसब कसलं? मागे उलटलेल्या, चुण्या पडलेल्या सहा पाकळ्या कोण विसरेल! झिंबाब्वेने तिला राष्ट्रीय फूल केलंय, तामिळनाडूने राज्यफूल. मुलांना म्हटलं, आता न फुललेली शोधा. एकाने अंजनीच्या जाळीतून वर आलेला कोंब दाखवला. "मॅडम, हे बांबूचं रोप." पानावरून बोट टोकापर्यंत ने, म्हटलं. टोक पुढे दोऱ्यासारखं निमुळतं होऊन गोल वळलं होतं आणि शेजारच्या काडीला विळखा घालून बसलं होतं. वेलीला वेगळे ताणे नाहीतच, पानाचं टोकच ते काम करतं. फूल नसताना कळलावीची खूण ती.

रंगावर मात्र विसंबू नये. एकीने वहीत तीन वेगळी फुलं नोंदवली होती: हिरवट, पिवळं, लाल. तिन्ही एकाच वेलीवरची, फक्त वय वेगळं. मग फूल उलटं करून दाखवलं. स्त्रीकेसराचा दांडा बुडापाशीच काटकोनात आडवा वळतो, आणि तो कुठल्याही वयाच्या फुलात तसाच असतो. गुरं घेऊन चाललेले एक बाबा थांबले. "खड्यानाग हाय त्यो. जित्राब तोंड लावत न्हाई." जित्राबाचं बरोबरच आहे, सगळ्या वेलीत कोल्चिसीन हे विष असतं, कंदात भरपूर. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, तो मी खडूने पाटीवर काढून दाखवला.

साडेदहा. सागाखाली काळी मुसळी. चुण्या घातल्यासारखी पानं आणि त्यांच्या बुडाशी, अगदी जमिनीला टेकून, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. अंडाशय कुठाय, विचारलं. मुलांनी फुलाच्या देठात शोधलं, सापडलं नाही. तो देठ नव्हेच. अंडाशयाचीच लांबलेली चोच आहे. अंडाशय खाली मातीत, पानांच्या आवरणात. बोटाने माती थोडी सारली, भिंगातून सगळ्यांनी बघितलं, माती परत लोटली.

बारा. भाकरी, ठेचा, पावसाची एक सर.

दीड. आजचं खरं काम इथे, काटेरी झुडपात. कंदीलपुष्पाची वेल सापडायला नजर सरावावी लागते, कारण ती आधाराच्या झुडपासारखीच दिसते. दोन वेली मिळाल्या. एकीची पानं गोलसर, जाड. दुसरीची अरुंद, गवताच्या पात्यासारखी. सकाळी कळलावीने पानावर भरवसा ठेवायला शिकवलं, त्यामुळे सगळ्यांनी दोन जाती लिहिल्या. यात मुलांचा दोष नाही. अरुंद पानांची वेल पूर्वी वनस्पतीशास्त्रज्ञसुद्धा वेगळी जात मानत.

इथे फुलाचंच ऐकायचं. नळी बुडाशी फुगलेली, वर निमुळती. पाच पाकळ्या टोकांना जुळलेल्या, मधे पाच खिडक्या. एक सुकत आलेलं फूल उभं चिरलं. नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस. चिलटासारखी माशी खिडकीतून शिरते, केस तिला वर येऊ देत नाहीत, ती फुगवट्यात अडकते. परागाच्या पुड्या तिला चिकटतात; केस सुकले की तिची सुटका. या पुड्या रुईच्या फुलातही असतात, दोघी एकाच कुळातल्या. दोन्ही वेलींची फुलं शेजारी ठेवली: घडण एकच. पानं, खोड गुळगुळीत, मांसल. केसाळ असतं तर आम्ही सिरोपेजिया हिर्सुटाकडे वळलो असतो. ही सिरोपेजिया बल्बोसा, रॉक्सबर्गने १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेली, आपली खर्पुडी. सकाळचे बाबा परतताना भेटले. "लहानपणी कांदा उकरून खायचो. बटाट्यावानी." तिच्या दुर्मिळपणाची निम्मी गोष्ट त्या वाक्यात आहे, उरलेली निम्मी औषधाच्या नावाने पोती भरणाऱ्यांची.

पाच. कॉलेजची प्रयोगशाळा. कुकचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) वर्णनं ताडून पाहायला ठीक, पण सिल्लोड तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून आमचा डोंगर त्यात येतच नाही. व्ही. एन. नाईकांची 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ मध्ये दोन खंडांत आली, तेव्हा कुठे आपल्या मातीचं पुस्तक हाती आलं. मुलं त्यातली ओळख पटवायची किल्ली लावत एकेक पायरी उतरतात. चुकतात, परत वर जातात. मी मधे बोलत नाही.

साडेसहा. फांदीचा लहान तुकडा पेपरात दाबला. कंदिलाचं फूल दाबलं की त्याचा आकार जातो, म्हणून एक फूल स्पिरिटच्या बाटलीत. रंग लेबलवर आजच लिहायचा, वाळल्यावर तो सांगता येणार नाही. ओढा, वाट, उतार, सगळं लेबलवर नेमकं हवं. तेवढ्यात एकाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खर्पुडीचा फोटो टाकला, लोकेशनसकट. लगेच काढायला लावला. ग्रुपवर आता 'अजिंठा डोंगर' एवढंच आहे.