कॉर्व्हेटचा पाटा आणि मालकांची जबानी

अमेरिकेतल्या मराठी स्नेहसंमेलनात पंगत उठून मंडळी गाड्यांपाशी गप्पा मारीत उभी राहिली, आणि तेथे कोणाची शेव्हरोले कॉर्व्हेट दृष्टीस पडली, की पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला एखादा जाणता गृहस्थ हमखास सांगतो, "दिसायला विमान, पण खाली ट्रकचे कमानपाटे आहेत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताना मनस्ताप होतो, कारण त्यातला 'पाटा' हा शब्द खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे, आणि शब्द खरा असल्यामुळेच निष्कर्ष तपासण्याची तसदी कोणी घेत नाही.

ट्रकच्या पाट्याकडे दोन कामे सोपवलेली असतात: एक भार तोलण्याचे आणि दुसरे, दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे. एकावर एक रचलेली पोलादी पाती परस्परांवर घासतात, जोराचा ब्रेक लागला की पिळवटतात, आणि एक चाक खड्ड्यात गेले की अ‍ॅक्सलबरोबर दुसरेही कलते. पाट्याच्या नावावर जमा झालेली बदनामी बव्हंशी या घर्षणातून आणि या दुसऱ्या कामातून आलेली आहे. १९६३ ते २०१९ च्या कॉर्व्हेटमध्ये हे दुसरे काम पाट्याकडून मुळातच काढून घेतलेले असते. तिची मागची चाके १९६३ पासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. पाटा गाडीच्या रुंदीच्या दिशेने, आडवा बसवलेला असतो. चाकांना दिशा देण्याचे आणि धरून ठेवण्याचे काम वेगळे दुवे करतात, आणि पाट्याकडे उरते ते केवळ स्प्रिंगचे काम. त्यातही १९८१ मध्ये काही गाड्यांतली मागची पोलादी चळत काढून तिच्या जागी काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचे एकच पाते आले, आणि १९८४ च्या नव्या पिढीत पुढच्या चाकांनाही तेच मिळाले. अठरा-वीस किलोंच्या पोलादाचे काम जेमतेम साडेतीन-चार किलोंचे पाते करू लागले, आणि तेही गाडीच्या अगदी तळाशी राहून, म्हणजे गुरुत्वमध्य खाली ठेवून.

यावर एक हरकत घेतली जाते की आडवा पाटा दोन चाकांना जोडतो, तेव्हा ती स्वतंत्र कशी म्हणावीत? नंतरच्या पिढ्यांत हा पाटा गाडीच्या चौकटीला मधोमध एका जागी आवळलेला नसून दोन दूरच्या बिंदूंवर टेकलेला असतो, त्यामुळे वळणावर गाडी कलू लागली की तो त्या कलण्याला काही अंशी विरोध करतो. हे काम इतर गाड्यांत अँटीरोल बार नावाचा दांडा करतो, तोही दोन चाकांना जोडतो, आणि त्यास्तव त्या गाड्यांची स्वतंत्र चाकांची सनद कोणी रद्द केलेली नाही. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नसेल त्यांनी व्होल्वोच्या दुसऱ्या पिढीच्या एक्ससी ९० कडे पाहावे: हवेच्या स्प्रिंगा नसलेल्या नमुन्यांत मागे असाच आडवा, संमिश्र द्रव्याचा पाटा आहे, आणि त्या गाडीस ट्रक म्हणताना मी कोणास ऐकलेले नाही.

मग हा समज आला कोठून? माझ्या मते तो मालकांच्या खऱ्या अनुभवातून आला. १९८४ ची कॉर्व्हेट, विशेषतः झेड-५१ हा शर्यतीचा साज चढवलेली, अतिशय कडक होती. मालकांची हाडे खिळखिळी झाली, त्यांनी तक्रार केली, आणि ती तक्रार रास्त होती. कंपनीने पुढच्याच वर्षी स्प्रिंगा मऊ केल्या, पाटे मात्र कायम ठेवले. म्हणजे दोष स्प्रिंगच्या आकारात नव्हता, तिच्या ताठरपणाच्या निवडीत होता. मालकाची जबानी ही त्याला काय जाणवले याचा उत्तम पुरावा होय. ते का जाणवले, याचा निकाल मात्र जबानीवरून देता येत नाही. २००३ पासून विजेच्या इशाऱ्याने घट्ट-पातळ होणाऱ्या चुंबकीय द्रवाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळू लागले, तेव्हा लांबच्या प्रवासातल्या आरामाची मनापासून स्तुती करणारे कित्येक मालक त्याच पाट्यांवर बसून ती करीत होते.

वेगाचा दाखला हवा असेल तर तोही दप्तरी आहे. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या २० किलोमीटरांहून लांब, वळणावळणांच्या मार्गावर २०११ मध्ये कॉर्व्हेट झेडआर-१ ने एक फेरी ७ मिनिटे १९.६३ सेकंदांत पुरी केली. गाडी चालवणारे जिम मेरो हे कंपनीचेच अभियंते होते, आणि गाडीखाली पुढेमागे पाटेच होते. 'अमेरिकन गाडी सरळच पळते' या दुसऱ्या लाडक्या समजाचाही निकाल याच फेरीत लागतो.

२०२० च्या आठव्या पिढीत पाटे जाऊन वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या, हा कबुलीजबाब म्हणून पुढे केला जातो. पण त्या पिढीत इंजिनच चालकाच्या पाठीमागे गेले, गाडीची संपूर्ण मांडणी नव्याने झाली, आणि आडव्या पाट्याला लागणारी सलग जागा नव्या मांडणीत सोयीची राहिली नाही.

उरलेले समज थोडक्यात निकालात काढता येतील.

'पुशरॉडचे इंजिन म्हणजे जुनाट इंजिन.' अशा इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट खाली ठेवल्याने ते बुटके व आटोपशीर होते. २००६ च्या झेड-०६ चे असेच ७ लिटरचे इंजिन ५०५ अश्वशक्ती देत मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत जात असे.

'पेट्रोल पाण्यासारखे पिते.' शहरात होय. पण २०१४ च्या साध्या कॉर्व्हेटची महामार्गावरची सरकारी नोंद गॅलनला २९ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १२ किलोमीटर आहे.

'हिला गंज चढत नाही.' बाह्यांग १९५३ पासून काचतंतूचे, ते खरेच गंजत नाही. परंतु पोलादी चौकटीच्या गाड्यांची चौकट हिवाळ्यातल्या मिठाच्या रस्त्यांवर गंजते, म्हणून जुनी गाडी घेताना ती खालून तपासावी.

'थंडीत पुरते वळण घेताना पुढची चाके उड्या मारतात, म्हणजे काहीतरी मोडले.' काही मोडलेले नाही. उन्हाळी रबराचे रुंद टायर गारठून कडक होतात आणि घसटत सरकतात.

पुढच्या स्नेहसंमेलनात त्या जाणत्या गृहस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की कॉर्व्हेट जुन्या बनावटीची असेल तर त्यांनी मालकाच्या परवानगीने तिच्याखाली वाकून पाहावे. पाटा त्यांना दिसेल, तो दिसायलाच हवा. पण चाक कोणी धरले आहे, एवढे त्यांनी हात लावून पाहावे, आणि मग खुशाल बोलावे.