मालकाचा मालक कोण?

स्वतःचा धंदा : लेखांक ६

नोकरदाराला साहेब असतो, हजेरी असते, महिन्याचा पगार असतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला यातलं काहीच नसतं. नगरच्या एमआयडीसीत दोन लेथ टाकून बसलेला माणूस असो की संगमनेरात घरून मसाले विकणारी बाई, सकाळी शटर उशिरा उघडलं तर विचारणारं कुणी नाही. सुरुवातीला ही मोकळीक हवीहवीशी वाटते, पुढे तिचाच जाच होतो. गेल्या आठवड्यात आपण भांडवलाचं पाहिलं. पण पैसा संपण्याआधी पुष्कळदा उमेदच संपते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

उमेद आतून उसळून यावी लागते, असा समज भाषणांनी आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी पसरवला आहे. ज्याच्यात ती उसळत नाही तो मग स्वतःलाच दोष देत बसतो. हा अन्याय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलीच दोन कामं पाहिली की चित्र वेगळं दिसतं.

पहिलं दुधाचं. पहाटे धार काढायची, किटली घेऊन संकलन केंद्र गाठायचं. नमुना यंत्रात जातो आणि हातात चिठ्ठी पडते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. संध्याकाळी पुन्हा तेच. फॅट कालच्यापेक्षा उतरलं असेल, तर खुराकात काय कमी पडलं याचा विचार घरी पोचेपर्यंत सुरू झालेला असतो. दर कोसळले की हाच माणूस कातावतो, आणि ते रास्तच असतं. पण म्हणून दुसऱ्या दिवशी धार चुकत नाही. जनावर थांबत नाही, चिठ्ठीही थांबत नाही.

या चिठ्ठीचं मोल अमेरिकेतल्या एका अभ्यासातून कळतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या 238 जणांच्या सुमारे 12,000 रोजच्या नोंदी तपासल्या. 2011 साली त्यावर पुस्तक आलं. ज्या दिवशी मनापासूनचं काम थोडंसं का होईना पुढे सरकलं, तेच दिवस माणसांना सर्वांत चांगले गेले होते. दूध घालणाऱ्याला आपलं काम कुठवर आलं ते दिवसातून दोनदा कळतं. शिंप्याला, छपाईवाल्याला, कर सल्लागाराला ते कळत नाही. त्यांनी आपली चिठ्ठी आपणच करायला हवी: दुकान बंद करताना वहीत गल्ल्याच्या आकड्याखाली एक ओळ, आज कोणतं काम कुठवर सरकलं याची.

दुसरं काम अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचं. राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. जमीन होती, पण पावसाळ्यापुरती तीन एकरच पिकायची. उरलेलं वर्ष घरच्यांना साखर कारखान्यावर मजुरी. घरातलं मूल आजारी पडलं आणि संकरित, फवारलेल्या अन्नावरचा त्यांचा विश्वास उडाला. मग त्या वाल, घेवडा, भाताचे गावठी वाण जमवत गेल्या. ना पगार, ना ऑर्डर. बाएफ संस्थेची साथ मिळाली, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. पण आपल्याला बघायची आहेत ती त्याआधीची वर्षं.

बियाण्याच्या कामाला मुदत निसर्गच घालून देतो. राखेत, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेलं बीही कायम टिकत नाही. त्या-त्या हंगामात पेरलं नाही तर उगवण घटते, आणि वाण हातचा जातो. शिवाय काम एकटीच्या घरात राहिलं नाही. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यायचं, असा परतफेडीचा रिवाज पडला. आपण ढिले पडलो तर कुणाचा तरी वाफा रिकामा राहणार, ही जाणीव कोणत्याही साहेबापेक्षा कडक असते.

शहरातल्या धंद्याला मृग नक्षत्र नाही, तेव्हा वेळ बांधावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलं की नुसत्या ‘करीन’ या निश्चयापेक्षा कधी, कुठे, कशानंतर हे ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. ‘या आठवड्यात कोटेशन पाठवतो’ हे राहून जातं. ‘दिवाबत्ती झाली की फोनला हात लावण्याआधी कोटेशन’ हे सहसा होतं. आणि परतफेडीचा माणूस? त्याच लाइनीतला पण वेगळ्या गावचा एखादा धंदेवाला धरावा, दर सोमवारी एकमेकांचा हिशेब विचारावा. घरच्यांवर हे ओझं टाकू नये. ते एकतर फार सांभाळून घेतात, नाहीतर फार टोचतात.

चिकाटीचा एक धोकाही आहे: गिऱ्हाईकच नसलेल्या मालाला कवटाळून बसणं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. नांगर त्यांनी सोडला नाही. पण कडबा कापण्याचं यंत्र त्यांनी त्याआधीच बाजारात आणलं होतं, सगळा भार नांगरावर नव्हता. नवा माल लोकांच्या गळी उतरेपर्यंत चूल कशावर पेटणार, याचं उत्तर ज्याच्यापाशी आहे त्यानेच दोन वर्षं वाट पाहावी.

(पुढील आठवड्यात : उधारी कशी मागावी)