माझ्या हक्काचा चाकू

बाईच्या पर्समध्ये काय काय असतं? रुमाल, कंगवा, टिकल्यांचं पाकीट, डोकेदुखीची गोळी, दोन-चार सेफ्टी पिना, एसटीची जुनी तिकिटं आणि तळाशी सुटे पैसे. माझ्या पर्समध्ये यापेक्षा एक वस्तू जास्त आहे, घडीचा चाकू. हसू नका मैत्रिणींनो! बचत गटाच्या कामासाठी माझं जळगाव-धुळे सतत जाणं-येणं असतं. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचेपर्यंत या चाकूला एकदा तरी काम निघतंच. कधी पेरू चिरायचा असतो, कधी काकडी, कधी साड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी, तर कधी शेजारणीच्या बाळाच्या औषधाचं न उघडणारं झाकण.

वस्तू तशी साधीच. वीतभरही नाही. लाकडी मूठ, तीन इंची पातं, नख अडकवायला पात्यावर बारीकशी खाच. उघडला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि पातं जागेवर घट्ट बसतं. त्या आवाजात काय सुख आहे ते सांगून कळायचं नाही. मुठीचं लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालंय. दागिना कपाटात ठेवायचा आणि लग्नकार्यात काढायचा. हा मात्र रोज हातात येतो आणि रोज उपयोगी पडतो.

मग आपल्या बायकांकडे असा चाकू का नसतो? मी यावर बराच विचार केला. माझ्या वडिलांच्या बंडीच्या खिशात कायम एक चाकू असायचा. शेतातली सुतळी कापायला, दातवण तोडायला, बांधावरचा आंबा चिरायला. त्याला कुणी हात लावायचा नाही. आईकडे विळी होती. ती दिवसभर तिच्यावर राबायची, भरताची वांगी असोत की वाळवणाच्या भाज्या. पण विळी घराची होती, चाकू वडिलांचा स्वतःचा होता. फरक लक्षात येतोय ना? विळीला पाट असतो, ती जमिनीवर मांडायची आणि तिच्यापाशी बसायचं. चाकू माणसाबरोबर चालतो. आता घडीची विळीही मिळते. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेल्या बायकांच्या सामानात ती हमखास दिसते. बाई घराबाहेर पडली तशी तिची विळीही घडी घालायला शिकली, असंच म्हणायचं!

चाकू घेतला तेव्हा सासूबाईंनी डोळेच मोठे केले. “बाईमानूसना पर्समा चाकू कसाले वं? तुले कोनाले मारनं शे का?” मी म्हटलं, “पेरू चिराले, जीजी!” आता त्याच दुपारी मला हाक मारून तो मागून घेतात, सुपारीची पुडी फोडायला.

त्यांची शंका मात्र अगदीच चुकीची नव्हती. म्हणून नियम सांगून ठेवते. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरीही पोलिसांनी शस्त्रबंदीचा हुकूम काढला असेल तेव्हा, कोर्टात जाताना आणि विमानाच्या हातातल्या सामानात चाकू नेऊ नये. बटण दाबताच सटकन उघडणारे चाकू तर घेऊच नयेत. आपल्याला पेरू कापायचाय, कुणाला भीती दाखवायची नाही.

चांगला चाकू ओळखायचा कसा? उघडून पातं बोटांत धरून हलवून बघा. डगडग लागली तर परत द्या. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीत पूर्ण लपायला हवं. साधं पोलाद छान धार धरतं, पण लिंबू-कैरीनं काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. वापरून झाला की धुऊन, पुसून कोरडा करूनच मिटायचा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. धार गेली तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत कड असते, तिच्यावर हलक्या हातानं घासून बघा. आणि हे विसरू नका, हात कापतो तो बहुधा बोथट चाकूनं. त्याला जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो.

जगातल्या नावाजलेल्या चाकूमागेही एका बाईचं नाव आहे, ठाऊक आहे? स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं १८८४ साली कारखाना काढला. १८९१ मध्ये त्यानं सैनिकांना घडीचे चाकू पुरवले. १९०९ मध्ये त्याची आई गेली, तेव्हा त्यानं आपल्या मालाला तिचं नाव दिलं, ‘व्हिक्टोरिया’. पुढे न गंजणारं पोलाद आलं, त्याच्या ‘इनॉक्स’ या नावाची जोड मिळाली आणि १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झालं. आज जगभर खिशाखिशांत ती आई आहे!

आपल्याकडे मात्र चाकू म्हटला की आधी धाकच. हातात हात देऊ नये, भांडण होतं म्हणे. जमिनीवर ठेवून द्यावा, यात बोटं वाचतात एवढं खरं. पण ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती अजूनही वस्त्यावस्त्यांवर ऐकू येते. बाळाचा ओठ आणि टाळू गर्भात पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात. आईच्या हातातल्या चाकूचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. लेकी-सुनांना हे सांगा.

धुळ्याजवळच्या एका गावात आमचा गट केळीचे वेफर्स करतो. कढई आली, वजनकाटा आला, पण कच्ची केळी सोलायला प्रत्येकीनं घरून आणलेला बोथट चाकू. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मग गटाच्या पैशांतून सगळ्यांना एकसारखे चांगले चाकू घेतले आणि तापल्या सळईनं मुठीवर ज्याचं त्याचं नाव कोरून घेतलं. गटातल्या सर्वांत वयस्कर आजी आपलं नाव बोटानं चाचपत म्हणाल्या, “सातबारावर मालकनं नाव, घरवर पोऱ्यानं नाव. मन्हा नावनं हाई पहिलंच शे.”

कुणी काही बोललं नाही. साठ वर्षं राबलेल्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिली वस्तू यावी ती चाकू! त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही वेफर्सचा हिशोब बाजूला ठेवला आणि सातबाऱ्यावर बोललो. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ साली आली. २००५ च्या कायदेदुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. बैठकीतल्या निम्म्या जणींनी हे पहिल्यांदाच ऐकलं. दोघी पुढच्याच आठवड्यात तलाठ्याकडे चौकशीला गेल्या.

चाकू म्हणजे सातबारा नव्हे, हे मलाही कळतं. पण ‘हे माझं’ असं म्हणायची सवय कुठून तरी सुरू व्हावी लागते. यंदा खंडेनवमीला घरातली अवजारं पूजेला मांडाल, तेव्हा त्यात तुमच्या स्वतःच्या मालकीचं काय आहे ते बघा. काहीच नसेल तर बाजारात जा आणि आपल्या पैशानं एक चांगला घडीचा चाकू घ्या. पहिला पेरू मात्र स्वतःसाठी कापा हं!