खोडकर म्हणण्यापूर्वी

'पोरगं हुशार आहे, पण एका जागी ठरत नाही,' हे वाक्य आपल्या प्राथमिक शाळांतून हमखास ऐकू येते. त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते: 'घरच्यांनी लाडावून ठेवलंय.' मग ओरडणे, वर्गाबाहेर उभे करणे सुरू होते.

यांपैकी काही मुले मुद्दाम तसे वागत नसतात. लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे ही मेंदूची कामे त्यांना वयाच्या मानाने जड जातात. या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्येच अशा मुलांचे वर्णन केले होते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, लाडाचा नव्हे. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभरात साधारण पाच मुलांत ही अवस्था आढळते. म्हणजे चाळीसच्या वर्गात एक-दोन मुले असू शकतात. दंगा करणारा मुलगा लगेच डोळ्यांत भरतो. खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी मात्र 'मठ्ठ' ठरून मागे पडते.

अर्थात, प्रत्येक चुळबुळ्या मुलाला हे नाव चिकटवणेही तितकेच घातक. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतली कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही महिन्यांनी परतलेल्या मुलाला धडाच कळत नसेल, तर त्याचे लक्ष कसे लागावे? कुणाला फळा दिसत नसतो, कुणाला कमी ऐकू येते, कुणी उपाशी आलेला असतो. हे आधी पाहायला हवे.

निदान डॉक्टरांनीच करायचे. पण मूल रोज पाच-सहा तास गुरुजी-बाईंसमोर असते, त्यांची नोंद मोलाची. कोणत्या तासाला लक्ष उडते, किती वेळ टिकते, हे वहीत लिहावे. पालकांना दोष न देता घरी काय घडते ते विचारावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीचाही समावेश आहे. तपासणीचे पथक शाळेत आले की ती वही त्यांना दाखवावी.

तोवर वर्गात बरेच करता येते. अशा मुलाला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. दहा गणितांऐवजी तीन-तीन द्यावीत. मध्येच खडू आणायला, वह्या वाटायला उठवावे. जमले की लगेच शाबासकी द्यावी. मारणे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्धच आहे, मानसिक छळही. शिवाय छडीच्या धाकाने मूल घटकाभर गप्प बसेल, पण लक्ष कसे टिकवायचे हे त्याला छडी शिकवत नाही. ते बाईंनाच शिकवावे लागते, थोडेथोडे, रोज.