विजेची सवलत आणि विजेची बचत : यंत्रमागधारकांनी हिशेब मांडावा

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, यंत्रमागाच्या कारखान्यात महिन्याच्या शेवटी दोन कागदांची धास्ती असते. एक सुताचे बिल आणि दुसरे विजेचे. सुताचा भाव आपल्या हाती नाही, विजेचा दरही नाही. पण मीटरवर किती युनिट पडतात, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभाराच्या यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि २७ ते २०१ अश्वशक्तीच्या यंत्रमागांना ७५ पैसे अतिरिक्त सवलत देण्याचा निर्णय घेतला. यामुळे लहान मागवाल्याला आधार मिळाला, यात शंका नाही. परंतु दरात सवलत मिळाल्याने जुन्या मोटारीची भूक कमी होत नाही. उद्या सवलत घटली तर बिल पुन्हा वर जाईल. यंत्रात केलेली सुधारणा मात्र कोणी परत घेऊ शकत नाही.

एक साधा हिशेब करू. वारंवार रिवाइंडिंग केलेली १ अश्वशक्तीची मोटार ७० टक्के कार्यक्षमतेने चालते असे समजा. तिच्या जागी आयई-३ दर्जाची, सुमारे ८२.५ टक्के कार्यक्षमतेची मोटार बसवली आणि माग वर्षात ६,००० तास चालला, तर पूर्ण भारावर एका मागामागे सुमारे ९७० युनिट वाचतात. माग सदैव पूर्ण भारावर चालत नाही, म्हणून निम्मीच बचत धरा. तरीही २४ मागांच्या कारखान्यात वर्षाला ११,००० युनिटांहून अधिक बचत होते. दिव्यांचेही तसेच. चोकसह ५० वॅट घेणाऱ्या २० जुन्या ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी लावल्या, तर तेवढ्याच तासांत ३,६०० युनिट वाचतात.

मग अडचण कोठे आहे? पहिल्या खर्चाची. त्यासाठीच सरकारी योजना येत राहिल्या. १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आली. तिचे शेवटचे रूप मार्च २०२२ मध्ये संपले. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा आरंभ झाला. तीत साध्या मागांच्या सुधारणेसाठी व सौरऊर्जेसाठी अनुदान होते. त्याच वर्षी ‘साथी’ योजना जाहीर झाली. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने कार्यक्षम माग, मोटारी व रॅपियर किट घाऊक खरेदी करून द्यावेत आणि मागवाल्याने आधी पैसे न भरता चार-पाच वर्षांत हप्त्याने फेडावेत, अशी तिची रचना होती.

जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘अदिती’ योजना सुरू झाली. ती २०२७-२८ पर्यंतची असून तरतूद १,००० कोटी रुपयांची आहे. निवडलेल्या १४ उद्योगांत वस्त्रोद्योग आहे. कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट आहे. ऊर्जा तपासणी व प्रकल्प अहवालासाठीही साहाय्य मिळते. अट अशी की, निदान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे. योजना ठराविक औद्योगिक केंद्रांसाठी आहे. म्हणून आपले गाव यादीत आहे का, हे प्रथम जिल्हा उद्योग केंद्रात विचारावे.

आपल्यापैकी पुष्कळजण व्याजाचे कर्ज घेत नाहीत. व्याजात सूट मिळाली तरी त्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी दिव्यांपासून सुरुवात करावी, वाचलेली रक्कम वेगळी ठेवावी आणि तीतून दर वर्षी चार-सहा मोटारी बदलाव्यात. हा मार्ग संथ आहे, पण कोणाचे देणे राहत नाही.

मी सूत देऊन कापड घेणारा व्यापारी. माझे अनुभव असे की, योजना पैशापेक्षा कागदावर अडते. जागा भाड्याची, मीटर जागामालकाच्या नावे, माग भावाच्या नावे आणि उद्यम नोंदणी कोणाच्याच नावे नाही! असा मेहनती माणूस वीस वर्षे माग चालवतो, पण सरकारी दप्तरात तो कारखानदारच नसतो. मोठ्या कारखान्याकडे मुनीम आहे, सीए आहे. म्हणून लाभ तिकडे जातो.

तेव्हा बंधूंनो, चार कामे आजच करा. उद्यम नोंदणी करून घ्या. जागामालकाशी भाडेकरार लेखी करा आणि मोटारी आपल्या मालकीच्या आहेत, हे त्यात नमूद करा. मागील बारा महिन्यांची वीजबिले एका फाईलीत लावा. आणि मंजुरी हाती येण्यापूर्वी नवी यंत्रसामग्री घेऊ नका, कारण बचत सिद्ध करायला आधीचा वापर मोजलेला असावा लागतो.

एकट्याला हे जमत नसेल तर एका गल्लीतील दहा मागवाल्यांनी मिळून एक लिहिणारा ठेवावा. मोटारीही एकत्र घेतल्यास भाव करता येतो. सुताच्या भावासाठी आपण एकत्र बसतो, मग विजेच्या बिलासाठी का बसू नये?