मिश्रधातूच्या पोटातली सीमारेषा

लोखंडाचा तुकडा एका दिशेने चुंबकित केला आणि मग त्याचं चुंबकन उलटवलं, तर दोन्हीकडे सारखाच जोर लागतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र वाढवत-घटवत चुंबकन मोजलं की आलेखावर एक बंद वेटोळं उमटतं, ज्याला हिस्टेरिसिस लूप म्हणतात. ते शून्याच्या दोन्ही अंगांना समान पसरलेलं असतं. 1956 साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, मिकलजॉन आणि बीन यांना मात्र अख्खं वेटोळंच बाजूला सरकलेलं दिसलं. त्यांच्याकडे कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण होते आणि त्यांवर कोबाल्ट ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढलेला होता. हे कण 1 टेस्लाच्या क्षेत्रात 77 केल्विनपर्यंत थंड केले होते. तेच कण क्षेत्राविना थंड केले की वेटोळं पुन्हा समतोल!

कोबाल्ट लोहचुंबकी असतो, म्हणजे त्याचे शेजारी अणू एकाच दिशेला तोंड करतात. कोबाल्ट ऑक्साइड प्रतिलोहचुंबकी असतो. त्यात शेजारी शेजाऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो, त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जाणवत नाही आणि बाहेरच्या क्षेत्राने तो फारसा हलतही नाही. मात्र ही रचना खोलीच्या तापमानाच्या आसपास मोडते. क्षेत्रात थंड करताना कोबाल्ट आधीच एका दिशेला वळलेला असतो आणि त्याला लागून असलेला ऑक्साइड त्याच दिशेशी जुळवून गोठतो. मग खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा कोबाल्ट ओढला तरी पुन्हा त्याच बाजूला येतो. हाच एक्स्चेंज बायस.

पुढची हकीकत बहुतेक लेखांत थेट हार्ड डिस्ककडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. फर्ट आणि ग्रुनबर्ग यांनी 1988 मध्ये शोधलेल्या महाचुंबकरोधाचा (चुंबकीय क्षेत्राने विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याचा) उपयोग करणाऱ्या ‘स्पिन व्हॉल्व्ह’मध्ये एक लोहचुंबकी थर खिळवून ठेवावा लागतो. ते काम लोह-मँगनीज, प्लॅटिनम-मँगनीज, इरिडियम-मँगनीज अशा मिश्रधातूंचे थर करतात. 1997 पासून आयबीएमच्या डिस्कमधली वाचनशीर्षं याच तत्त्वावर आली.

मला मात्र या विषयातलं खरं नवल थरांत दिसत नाही. ते 1959 मध्ये, त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये, कूवेल आणि ग्रॅहॅम यांनी निकेल-मँगनीजवर केलेल्या कामात दिसतं. इथे पापुद्रा नाही, थर नाही. आहे तो एकसंध धातूचा तुकडा. तरीही क्षेत्रात थंड केल्यावर त्याचं वेटोळं सरकतं. कारण अणूंच्या मांडणीत आहे. निकेल-निकेल आणि निकेल-मँगनीज या जोड्या एका दिशेने वळू पाहतात. मँगनीजला लगतचा शेजारी मँगनीजच मिळाला तर मात्र ते दोघे विरुद्ध दिशा धरतात. तीन भाग निकेल आणि एक भाग मँगनीज घेऊन तो लाल तापवून झटकन पाण्यात बुडवला, तर अणू विस्कळीतच गोठतात. कुठे मँगनीजची दाटी, कुठे निकेलची. मग एकाच तुकड्यात लोहचुंबकी आणि प्रतिलोहचुंबकी विभाग एकमेकांना चिकटून राहतात, आणि सीमारेषा धातूच्या पोटातच पडते. तोच तुकडा 500 अंश सेल्सिअसच्या थोडं खाली बराच काळ ठेवला, तर अणू आपापल्या जागी बसतात, मँगनीजच्या शेजारी मँगनीज उरत नाही आणि वेटोळं सरकेनासं होतं. रसायन तेच, फक्त बेशिस्त गेली. हा साधा भट्टीचा प्रयोग मला साऱ्या शाखेतला सगळ्यात बोलका वाटतो.

बेशिस्तीची ही बाजू सिद्धान्तालाही जड गेली. सीमेवरचे सगळे स्पिन, म्हणजे अणूंचे सूक्ष्म चुंबक, खुंट्याचं काम करतात असं धरलं, तर वेटोळं जितकं सरकायला हवं त्याच्या कित्येक पट कमी ते प्रत्यक्षात सरकतं. 1987 मध्ये मॉरी आणि मॅलोझेमॉफ यांनी वेगवेगळ्या वाटांनी हे कोडं सोडवायचा प्रयत्न केला. मॅलोझेमॉफ यांनी सीमेचा खडबडीतपणाच कारण मानला. पुढे क्ष-किरणांनी थेट पाहिल्यावर काही नमुन्यांत सीमेवरचे जेमतेम चार टक्के स्पिन खरोखर खिळलेले आढळले. तेही कायमचे नसतात. एकामागून एक वेटोळी काढत गेलं की सरकणं कमी होतं. पहिल्या फेरीला घट सर्वांत मोठी, नंतर हळूहळू. प्रत्येक उलटापालटीत काही खुंटे सैल होतात.

अलीकडची चुरस ह्युस्लर मिश्रधातूंत आहे. 1903 मध्ये फ्रिट्झ ह्युस्लर यांनी तांबं, मँगनीज, ॲल्युमिनियम या लोहचुंबकी नसलेल्या धातूंतून लोहचुंबक घडवला होता. त्याच घराण्यातल्या निकेल-मँगनीज-इंडियम किंवा निकेल-मँगनीज-टिन या मिश्रधातूंत मँगनीज जास्त झालं की ते इंडियमच्या किंवा टिनच्या जागी बसतं आणि विरोधी जोड्या तयार होतात. कोबाल्ट मिसळलेल्या निकेल-मँगनीज-अँटिमनीवर मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआरच्या संशोधकांनी मिळून काम केलं आहे. 2011 मध्ये निकेल-मँगनीज-इंडियममध्ये क्षेत्राविना थंड करूनही सरकलेलं वेटोळं मिळालं. तिथे पहिल्यांदा लावलेलं क्षेत्रच दिशा ठरवतं. 2015 मध्ये मँगनीज-प्लॅटिनम-गॅलियममध्ये हे सरकणं 3 टेस्लाच्या वर गेलं, आणि रुग्णालयातल्या शक्तिशाली एमआरआय यंत्रांचं क्षेत्र तेवढं असतं.

हा आकडा अतिशीत तापमानाचा आहे. निकेल-मँगनीज घराण्यातल्या बहुतेक धातूंत परिणाम खोलीच्या तापमानाच्या बराच खाली विरून जातो. म्हणून उद्योग अजून इरिडियम-मँगनीजलाच धरून आहे, कारण तो दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढेही पकड सोडत नाही. पण इरिडियम पृथ्वीवरच्या अतिदुर्मीळ धातूंपैकी एक, आणि तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघतो. त्याला पर्याय हवा असेल, तर मँगनीजचं प्रमाण आणि भट्टीतला वेळ हे दोन दांडे हातात आहेत, आणि बेशिस्त नेमकी किती ठेवायची हे त्यांवर ठरतं.