डिस्कस, पाणवनस्पती आणि एक मिलिमोल बायकार्बोनेट

स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी सभासदांच्या छंदांविषयी लेख मागविले आहेत. गाणारे, चित्रे काढणारे, नर्मदा परिक्रमा करून आलेले असे सभासद आपल्या मंडळात पुष्कळ आहेत; त्या मानाने माझा छंद बैठा आणि मुका. पाणवनस्पतींनी भरलेल्या टाकीत मी डिस्कस मासे पाळतो. घरी येणारे पाहुणे माशांचे रंग पाहतात, मी पाणी पाहतो. या लेखातही मासे थोडे आणि पाणीच अधिक येणार आहे, याची वाचकांना आधीच कल्पना देऊन ठेवतो.

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा, नावाप्रमाणेच थाळीसारखा चपटा व गोल. व्हिएन्नाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यांनी वर्णिलेली जात रिओ नेग्रो नदीच्या परिसरातील. या नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस असते; कुजलेल्या पानांतील आम्लांमुळे त्याचा पीएच बहुधा ५ च्या खाली असतो, आणि विरघळलेले क्षार इतके अल्प, की त्याला पावसाचेच पाणी म्हणावे. आता आपल्या इंदूरचे पाणी पाहा. १९७८ पासून जलूदहून विंध्याचा चढ चढून येणारी नर्मदा आपल्या नळांत आहे. माझ्या घरी या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास भरतो आणि कार्बोनेट काठिण्य सुमारे ९ जर्मन अंश. बोअरिंगचे पाणी त्याहूनही जड. बाजारात मिळणारे डिस्कस बहुधा पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढलेले असल्यामुळे ते नळाचे पाणी बऱ्याच अंशी सोसतात. अडचण येते ती वनस्पती आणि मासे एकाच टाकीत सुखाने नांदवायचे ठरविल्यावर.

काठिण्याचे हे अंश आपल्या परिचयाच्या एककात मांडले, तर डॉक्टर मंडळींना चित्र अधिक स्पष्ट दिसेल. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे सुमारे ०.३६ मिलिमोल बायकार्बोनेट. म्हणजे माझ्या नळाला ३.२ मिलिमोल, आणि आरओचे पाणी मिसळून मी टाकीत जे ३ अंश राखतो, ते जेमतेम १ मिलिमोल. आपल्या रक्तात २४ असते. अतिदक्षता विभागात कोणाच्या अहवालात बायकार्बोनेट १ दिसले, तर आपण यंत्र बिघडले असेच समजू. टाकीतील मासे मात्र एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर राहतात, आणि तोही रोज खर्ची पडत असतो. माशांनी उत्सर्जित केलेल्या अमोनियाचे गाळणीतील जीवाणू आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात आणि या क्रियेत आम्ल निर्माण होते. त्यामुळे पाणी बदलणे म्हणजे केवळ घाण काढणे नव्हे. बायकार्बोनेटची भरपाईही त्यातूनच होते.

हे ध्यानात न आल्याने काय घडते, ते मी एका स्नेह्यांच्या घरी पाहिले. प्रकृतीने अत्यंत काटेकोर असे हे भूलतज्ज्ञ. त्यांनी टाकीत जवळजवळ निव्वळ आरओचे पाणी वापरले होते आणि प्रवासामुळे कित्येक आठवडे ते बदललेले नव्हते. परत आल्यावर पीएच तपासला, तो ५.५ निघाला. मासे मात्र खातपीत होते. ‘पीएच फारच उतरला,’ म्हणून त्यांनी निम्मे पाणी काढले आणि नळाचे पाणी भरले. पीएच ७.८ वर आला. संध्याकाळपर्यंत पाच मासे तळाशी आडवे झाले होते आणि उरलेले दोन पृष्ठभागाशी धापा टाकत होते. त्यांनी फोनवर मला विचारले, ‘पीएच सुधारला, मग मासे का गेले?’

उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. फक्त ते यकृताच्या प्रकरणात वाचलेले असते. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. अमोनियम आयन कल्ल्यांच्या पटलातून सहजी आत शिरत नाही; मुक्त अमोनिया शिरतो. २८ अंश तापमानाला पीएच ६ असताना मुक्त अमोनियाचा वाटा हजारात एकही भरत नाही. पीएच ८ झाला की तोच शेकडा सहा ते सात होतो. त्या आम्लधर्मी पाण्यात जीवाणूंचे काम थंडावले होते आणि अमोनियम साचत गेले होते. पण त्या पीएचला ते निरुपद्रवी होते. नळाच्या पाण्याने त्याचे काही तासांत विष केले. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाला अल्कलोसिस झाला की त्याची शुद्ध हरपू लागते आणि लॅक्ट्युलोजने आतड्यातील पीएच उतरवून आपण अमोनियाला अमोनियमच्या रूपात अडकवून ठेवतो, तेच हे गणित. मी त्यांच्याकडे पोहोचलो तेव्हाही परीक्षणात लिटरला ३ मिलिग्रॅम अमोनिया निघाला. उरलेल्या दोघांना दुसऱ्या स्वच्छ टाकीत हलविले. त्यांपैकी एक वाचला.

पीएचच्या आकड्यावर उपचार करू नये, हे माझे मत तेव्हापासून अधिकच पक्के झाले आहे. ‘पीएच उतरविणाऱ्या’ बाटल्या दुकानात मिळतात. त्यांतील आम्ल बायकार्बोनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करते. पीएच झपाट्याने उतरतो, वायू हवेत निघून गेला की पुन्हा चढतो, आणि छंदी माणूस पुन्हा बाटली उघडतो. दरम्यान राखीव साठा मात्र संपत जातो. देशी बदामाची वाळलेली पाने किंवा टाकीत बुडविलेले लाकूड यांचेही असेच आहे: पाणी सुरेख तांबूस होते, पण ९ अंश काठिण्यापुढे त्या सौम्य आम्लांचे फारसे काही चालत नाही. आधी काठिण्य उतरवावे, पीएच आपोआप मागून येतो. मात्र निव्वळ आरओचे पाणी हा दुसरा अतिरेक झाला. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरद्रवाची परासारता आपल्यासारखीच ३०० मिलिऑस्मोलच्या घरात असते. पाणी कल्ल्यांतून सतत आत शिरते आणि मासा ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. शिरेतून ऊर्ध्वपातित पाणी आपण कोणाला देत नाही, ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी माशालाही थोडे क्षार हवेच. मी एक भाग नळाचे आणि दोन भाग आरओचे पाणी घेतो.

वनस्पतींची मागणी वेगळी. त्यांना कार्बन डायऑक्साइड हवा असतो. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवलेली हायड्रिला आपल्याला आठवत असेल. ती किंवा व्हॅलिसनेरिया हा वायू न मिळाल्यास बायकार्बोनेटमधूनच कार्बन काढून घेते आणि दुपारपर्यंत पीएच वर ढकलते. म्हणून मी सिलिंडरमधून वायू सोडतो. काठिण्य ३ आणि पीएच ६.७ असता पाण्यात हा वायू लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम असतो; हेंडरसन-हॅसलबाल्कचे समीकरण येथेही तसेच लागू पडते. छंदी मंडळी ३० पर्यंत जातात. डिस्कसच्या टाकीत मी जात नाही. या माशांना २८ ते ३० अंश तापमान लागते, आणि ३० अंशांना समुद्रसपाटीवरही पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमहून फारसा अधिक प्राणवायू मावत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. रात्री वायू बंद असतो. सकाळी पीएच ७.३ असतो, दुपारी ६.७. हा चढउतार माझ्या माशांना बाधलेला नाही, कारण त्यात क्षारांचे प्रमाण बदलत नाही. बदलतो तो केवळ विरघळलेला वायू.

एवढी उष्णता सर्व वनस्पतींना मानवत नाही. ॲमेझॉन स्वोर्ड, अनुबियास आणि काही क्रिप्टोकोरायनी टिकतात. क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती कोकण-गोव्याच्या ओढ्यांतही रानोमाळ उगवतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वनस्पती अमोनियम आधी आणि नायट्रेट नंतर घेतात, त्यामुळे भरपूर लावलेली टाकी स्वतःच एक मूत्रपिंड होते. नायट्रेट माझ्याकडे लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर क्वचितच जाते.

क्लोरिनविषयी थोडेसे. डायलिसिस विभागात काम केलेल्यांना क्लोरामाइनमुळे होणारे रक्तविघटन माहीत आहे. कल्ल्यांनाही ते तितकेच घातक. सोडियम थायोसल्फेट दोन्हींवर चालते. मात्र क्लोरामाइन मोडल्यावर अमोनिया उरतो, तेवढे लक्षात ठेवावे.

या छंदाविरुद्ध घरातून येणारा एक आक्षेप मला मान्य आहे. एक लिटर आरओच्या पाण्यासाठी घरगुती यंत्र दोन-तीन लिटर पाणी वाया घालविते. आमच्या वस्तीत नळ एक दिवसाआड येतो आणि मे महिन्यात शेजारी टँकर उभा असतो. ते सांडपाणी आम्ही पिंपात साठवून फरशी व गाडी धुण्यास वापरतो, आणि पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी गाळून आरओच्या जागी घेतो. रिओ नेग्रोच्या सर्वांत जवळ जाणारे पाणी आपल्याकडे तेच. एप्रिल-मे या दोन महिन्यांत मी नवे मासे घेत नाही आणि जोड्याही लावत नाही.

जोड्या लावायच्या त्या श्रावणात. वेगळ्या टाकीत पावसाचे पाणी अधिक घालून काठिण्य १ अंशावर आणतो, कारण जड पाण्यात अंडी बहुधा वाया जातात. मातीच्या सुरईवर घातलेली अंडी अडीच-तीन दिवसांत फुटतात. आणखी तीनएक दिवसांनी पिल्ले पोहू लागतात आणि आईबापांच्या कातडीवरचा स्राव चाटून वाढतात. त्या आठवड्यात पाणी दररोज बदलावे लागते. नवे पाणी जुन्याच्याच तापमानाचे आणि काठिण्याचे करून मी ते नळीने थेंबाथेंबाने सोडतो. त्याला तासभर लागतो.